वळणावर वजन

बारावीसाठी मी लातूरला आत्याकडे राहायला निघाले, तेव्हा आईनं नांदेडच्या बसस्टँडवरच मला बजावून ठेवलं होतं की त्या घरात दोन गोष्टींबद्दल बोलायचं नाही. एक म्हणजे त्यांचं औशाकडचं गाव आणि दुसरी म्हणजे दादाचा पाय. मी मान डोलावली. लातूरच्या घरात चप्पल काढून आत पाऊल टाकलं, तर समोरच दादा खुर्चीत बसलेला, डावा पाय सरळ पुढं स्टुलावर ताणलेला. मला बघून म्हणाला, "ये. पाय हितं ठिवलाय, बघून चाल. अडखळलीस तर तुझं बी मोडंल."

दादा म्हणजे आत्याचा एकुलता एक मुलगा, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा. भूकंपात गावच्या घराची दगडमातीची भिंत त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडली होती. सोलापूरच्या दवाखान्यात बरीच उस्तवार झाली, पाय वाचला, पण गुडघा वाकायचा कायमचा थांबला. त्यानंतर आत्या आणि काका लातूरला आले. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी क्लासेसच्या भागात घर बांधलं आणि वरच्या खोल्या बाहेरगावच्या पोरांना भाड्यानं दिल्या, कारण त्या वर्षांत त्या गल्लीत सगळेच तसं करत होते. मेस, झेरॉक्स, खोल्या, मुलांच्या सायकली आणि खांबाखांबावर गुणवंतांचे फोटो. दादा घरी बसून क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका संगणकावर टाइप करून द्यायचा. दिवसभर चार पर्याय, चार पर्याय. वाचायचा नाही, नुसता टाइप करायचा.

आणि संध्याकाळी गाडी चालवायचा.

टीव्हीला जोडायचा गेमचा डबा त्यानं टायपिंगच्या कमाईतून, कुणाचा तरी वापरलेला, हैदराबादहून मागवला होता. शर्यतीचे गेम मी नांदेडला पाहिले होते. त्यात गाडी भिंतीला घासली तरी ठिणग्या उडवत पुढं जाते. दादाचा गेम तसला नव्हता. त्यात आधी लायसन काढावं लागायचं. ब्रेक कुठं दाबायचा, वळणाला आत कधी शिरायचं, बाहेर पडताना रेस कधी द्यायची, याच्या परीक्षा असायच्या, आणि त्या पास झाल्याशिवाय मोठी शर्यत मिळायची नाही. दादाकडं त्यातली सगळी लायसनं होती. गाडी सावरायला गेमकडून जी मदत मिळते, ती त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकली होती. "ती चालू असली की गाडी तूच चालवून राहिलीस का तो डबा, ते कळत न्हाई," तो म्हणायचा.

मला वाटलं, आपण याला सहज हरवू. माझे पप्पा विष्णुपुरीला पाटबंधारे खात्यात होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यांवर आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत त्यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं होतं. धरणापर्यंत जाऊन वळवून आणायची मी. खरी गाडी चालवणारी मी, आणि दादा आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात न लावलेला.

पहिल्याच वळणावर माझी गाडी गरकन फिरली आणि रेतीत जाऊन तोंड उलटं करून उभी राहिली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी इतकी जपून गेले की मागच्या सगळ्या गाड्या मला ओलांडून निघून गेल्या.

"वळणात ब्रेक कामून दाबलास?" दादा म्हणाला.

"कारण वेग जास्त होता."

"मग आधी दाबायचा होता."

"आधी कळलंच नाही की जास्त आहे! खऱ्या गाडीत कळतं. अंग एका बाजूला जातं, स्टेअरिंग हाताला जड लागतं. इथं नुसता अंगठा हलतोय."

"टायर ओरडून राहिलं. कान हाय का न्हाई?"

मला टायर ऐकूच येत नव्हतं. टीव्हीच्या त्या लहानशा स्पीकरमधून मला फक्त इंजिनाची घरघर यायची. दादाला मात्र त्यातून टायरचा किंचित कुईं असा आवाज वेगळा निघालेला समजायचा आणि तो बरोबर त्या आवाजाच्या अलीकडं गाडी धरून ठेवायचा. मी रोज अर्धा तास खेळायची आणि रोज चिडून उठायची. त्यात लोडशेडिंग. वाट्टेल तेव्हा लाइट जायची, आणि एखादी शर्यत कशीबशी शेवटाला आणलेली असायची ती काळ्या पडद्यात बुडायची.

क्लासमध्ये तेव्हा वर्तुळाकार गती चालू होती. सपाट रस्त्यावरच्या वळणावर गाडी न घसरता जास्तीत जास्त किती वेगानं जाईल, याचं सूत्र सरांनी फळ्यावर लिहिलं. घर्षणांक, त्रिज्या आणि गुरुत्व यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. "वस्तुमान कटतं," सर माइकवर म्हणाले. "ट्रक असो नाहीतर सायकल, फरक नाही. लिहून घ्या." मला आनंद झाला, कारण फिजिक्समधलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या रोजच्या रागाशी जुळत होतं.

घरी येऊन मी दादाला ते सूत्र सांगितलं.

"चूक हाय," तो मान वर न करता म्हणाला.

"काय चूक आहे?"

"मी गाडी हलकी केली. पैलं त्या डोंगराखालच्या वळणावर ती बाहेर जात व्हती. आता त्याच वेगात बसतीय. टायर तेच."

गेममध्ये गाडीचं वजन कमी करून घ्यायची सोय होती, हे खरं. पण मी म्हटलं, शक्य नाही, वजनानं काही होत नाही, कटतं ते. तो म्हणाला, कटत असंल तुझ्या वहीत. मग आम्ही ते तपासायलाच बसलो. तेच वळण, तेच टायर, एकदा जड गाडी आणि एकदा हलकी. दादा चालवायचा आणि मी पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा मोठ्यानं वाचायची. जड गाडी कमी वेगातच रुळावरून सुटल्यासारखी बाहेर जायची. हलकी त्याहून जास्त वेगात चिकटून राहायची. आत्या स्वयंपाकघरातून विचारायची, "काय गं, अभ्यास करून राहिलीस ना?" मी म्हणायची, "फिजिक्सच चाललंय!" आणि ते खोटं नव्हतं.

"मग हा गेम खोटा आहे," मी शेवटी म्हणाले.

"न्हाईतर तुझे सर खोटे हायत," दादा म्हणाला.

दोन्हींपैकी एक खोटं असलंच पाहिजे, एवढ्यावर आमचं एकमत झालं. मला त्या वेळी हे साधं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये हात वर केला. गच्चीवरच्या भल्यामोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये शेकडो मुलं, मुली डावीकडं, मुलं उजवीकडं, आणि सर लांब स्टेजवर. मी उभी राहून विचारलं की सर, वजन कटत असेल तर गेममध्ये जड गाडी आधी का घसरते. सरांना आधी ऐकू आलं नाही. मला पुन्हा, मोठ्यानं विचारावं लागलं.

"गेममध्ये?" सर माइकवर म्हणाले. "गेम खेळायला आलात का लातूरला?"

आख्खी शेड हसली. तास संपल्यावर मी जिन्याशी त्यांना गाठलं. ते काही वाईट माणूस नव्हते. सकाळपासून एकामागून एक बॅच घेऊन त्यांचा आवाज बसला होता, हातात चहाचा कप होता आणि पुढची बॅच आत शिरायला लागली होती. "बेटा," ते म्हणाले, "मास कटतं. पर्याय ब. एवढं लक्षात ठेव आणि पुढं चल." मी म्हटलं, पण का तसं होतं? ते म्हणाले, "परीक्षेत 'का' विचारत नाहीत."

त्या वर्षातलं हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. माझा प्रश्न चुकीचा आहे असं त्यांनी सांगितलं असतं तरी चाललं असतं. प्रश्न बरोबर की चूक, हे बघायलाच कुणाला वेळ नव्हता.

पण शेडमधला तो हशा वरच्या खोल्यांतल्या पोरांबरोबर घरी पोचला. काकांच्या कानावर गेलं की तुमच्याकडची पोरगी गेम खेळते. काकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी डब्याच्या वायरी काढल्या, नीट गुंडाळल्या आणि सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाले, "पोरीचं वर्ष हाय. तिच्या बापानं विश्वासानं पाठवलीय."

दादा म्हणाला, "वर्ष तिचं हाय, डबा माझा हाय."

"परीक्षेनंतर घे."

दादानं स्टुलावरचा सरळ पाय खाली घेतला आणि आत जाऊन टाइप करत बसला. त्या दिवसापासून तो माझ्याशीही बोलेना. जेवताना भाकरी पुढं सरकवायचा, पण बोलायचा नाही. मला त्याचा राग कळत होता आणि मलाही राग येत होता, कारण मी डबा बंद करा असं कुणालाच म्हटलं नव्हतं. त्याची संध्याकाळ माझ्या नावावर काढून घेतली गेली होती आणि मला तिचं काही करता येत नव्हतं. सूत्रं मात्र पाठ होत नव्हती ती नव्हतीच.

दिवाळीच्या आधी मीच विषय काढला. "दादा, भाऊबीजेला नांदेडला चल. खऱ्या गाडीवर बघू कोण खरं ते."

"खरी गाडी?" तो म्हणाला. "क्लच काय तू दाबतीस?"

"हाव. मीच दाबते."

ते मी ठरवून बोलले नव्हते, पण बोलल्यावर लक्षात आलं की होऊ शकतं. पप्पांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं नांदेडला मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. दादाचा उजवा पाय चांगला होता. रेस आणि ब्रेक त्याचे, क्लच माझा. पप्पा आधी नको म्हणाले, मग दादाच्या तोंडाकडं बघून हो म्हणाले. दिवाळीत शिकवणी बंद होती, त्यामुळे गाडी मिळाली. तिच्या टपावर मोठा पिवळा फलक होता आणि तो निघत नव्हता. दादाला त्याची फार लाज वाटली.

सकाळी कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर पप्पांनी गाडी उभी केली आणि स्वतः मागं जाऊन बसले. दादानं आधी बूड टेकवलं, मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. तो सरळ पाय पेडलांच्या डावीकडं कसाबसा मावला. मी डाव्या सीटवर. माझ्या पायाशी क्लच आणि ब्रेक.

"मी 'दाब' म्हणलं की दाबायचं. 'सोड' म्हणलं की सोडायचं," दादा म्हणाला.

ऐकायला सोपं वाटलं. त्यानं "सोड" म्हणायचं आणि मी सोडायचं, या दोन्हींमध्ये जो काही क्षण जायचा, तेवढ्यात त्यानं रेस कमी केलेली असायची. गाडी उसळी मारून बंद पडायची. पुन्हा चावी, पुन्हा उसळी. गेममध्ये क्लच नव्हताच. बोटानं बटण दाबलं की गियर पडायचा. इथं त्याचा हात माझ्या पायाची वाट बघायचा. गियर कर्रकन ओरडायचा आणि मागून पप्पा दातावर दात दाबायचे.

"अगं दाब म्हणलं ना!"

"दाबलाय!"

"अर्धा दाबलास!"

बऱ्याच वेळानं गाडी चालू लागली. पहिला, दुसरा, मग तिसरा.  दादाचे हात स्टेअरिंगवर घट्ट होते आणि कानशिलावरून घाम येत होता. मी वेगाच्या काट्याकडं पाहिलं. चाळीसच्याही खाली होता.

"लई जोरात चाललीय," तो म्हणाला.

"चाळीस पण नाही."

"न्हाई. लई जोरात हाय. समोरचं काईच दिसंना. बोनेटच दिसून राहिलं."

पडद्यावर दोनशेच्या वेगात शांत बसणारा माणूस. मी हसले आणि त्यानं ते पाहिलं. धरणाकडं जाणारं उजवं वळण आलं. ते वळण मला पाठ होतं. दादानं ते गेममधल्यासारखं घेतलं, म्हणजे बाहेरून आत, आतली कड धरून. शर्यतीच्या रस्त्यावर समोरून कुणी येत नसतं. इथं ती आतली कड समोरून येणाऱ्यांची होती, आणि समोरून एक ऑटो येत होता, दिवाळीचे पाहुणे खचाखच भरलेला.

"आपली बाजू! आपली बाजू!" पप्पा ओरडले.

गाडी थांबली. नाक खाली गेलं, आम्ही पुढं आदळलो, पप्पांचं कपाळ माझ्या सीटला लागलं. ऑटोवाला रस्ता सोडून मातीत उतरला होता. त्यानं टपावरचा पिवळा फलक वाचला, दोन शिव्या दिल्या आणि निघून गेला. कुणाला काही लागलं नव्हतं.

दादानं माझ्याकडं पाहिलं. "ब्रेक तू दाबलास?"

"हाव."

"कामून? मी दाबला व्हता ना!"

"मला काय माहीत तू दाबलास का नाही!"

"माझ्या पायाखालून पेडल खाली गेलं. मी दाबत व्हतो, तेवढ्यात ते आपोआपच खाली गेलं." तो थांबला. "मी थांबवली असती का न्हाई?"

"मला माहीत नाही, दादा."

"मामा, तुम्ही सांगा. थांबली असती का?"

पप्पा कपाळ चोळत म्हणाले, "थांबली ना रे बाबा. बास झालं."

पण त्याला ते पुरेसं नव्हतं. तो गाडीतून उतरला, पाय ओढत मोरीच्या कठड्यापर्यंत गेला आणि धरणाच्या पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. मी मागोमाग गेले. वाटलं, घाबरला असेल. तो घाबरलेला नव्हता, संतापलेला होता.

"तिथं डब्यात ठोकली तर मी ठोकतो," तो म्हणाला. "रेतीत गेली तर मी घालवतो. भिंतीत घातली तरी माझीच चूक असती. हितं मी काय केलं, मलाच ठाऊक न्हाई."

 तोपर्यंत मी समजत होते की गेम खरा आहे की खोटा, हा वजनाचा, घर्षणाचा प्रश्न आहे. दादाला गेममधलं काय खरं वाटत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि आता विचारायची वेळही नव्हती. घरी आई भाऊबीजेचं ताट तयार करून वाट बघत होती. दादानं माझ्याकडून ओवाळून घेतलं, पाटावर बसता येत नसल्यानं खुर्चीवर, आणि दुसऱ्याच दिवशी लातूरची बस धरली.

पुढचं वर्ष जसं जायचं तसं गेलं. मला मेडिकल मिळालं नाही. फिजिक्सनंच मारलं. मी नांदेडलाच इंजिनिअरिंगला गेले, मेकॅनिकल शाखेत आम्ही मोजक्याच मुली होतो. तिथं तिसऱ्या वर्षी वाहनांच्या विषयात शिकवता शिकवता मॅडम सहज बोलून गेल्या की रबराच्या टायरचं घर्षण पुस्तकातल्या ठोकळ्यासारखं नसतं. टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागं पडते. म्हणून त्याच टायरवर जड गाडी वळणात आधी सुटते. म्हणजे वजन पूर्ण कटत नाही. मॅडम पुढच्या मुद्द्यावर गेल्या आणि मी पेन हातात धरून तशीच बसले. सरांचं सूत्र ठोकळ्यासाठी बरोबर होतं. गेम टायरसाठी बरोबर होता. दोन्हींपैकी एक खोटं असलंच पाहिजे, हे आमचं म्हणणं तेवढं चूक होतं, आणि हे सांगायला त्या जिन्यावर दोन मिनिटं पुरली असती.

मी कॉलेजबाहेरच्या एसटीडीवरून लातूरला फोन लावला आणि दादाला सगळं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? तू बरोबर होतास!"

"मला 'का' ते थोडंच ठाऊक व्हतं. मला नुसतं दिसत व्हतं." मग म्हणाला, "डबा इकला मी. आता सांगून काय करू?"

फोन ठेवल्यावर मला रडू येईल इतका राग आला, आणि तो नेमका कुणाचा, हे ठरवता येईना.

दादानं गाडी चालवायला घेतली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, क्लच नसलेल्या गाड्या आमच्याकडच्या माणसांना परवडू लागल्या तेव्हा. लायसनसाठी त्याला आरटीओत खूप खेटे घालावे लागले. प्रत्येक टेबलावर डावा पाय दाखवा म्हणायचे, आणि तो म्हणायचा, या गाडीत डाव्या पायाला कामच नाही, उजवा बघा. शेवटी मिळालं. आता तो लातूरहून अहमदपूर, लोहा करत स्वतः गाडी घेऊन नांदेडला येतो. आत्या मागं बसून सगळा रस्ता जप करते.

मागच्या खेपेला मी त्याच्याबरोबर लोह्यापर्यंत गेले. तो सारखा कुरकुरत होता. स्टेअरिंग इतकं हलकं आहे की खाली रस्ता आहे का गादी ते कळत नाही. ब्रेक जोरात दाबला तर गाडी आपल्या मनानंच तो थरथरवत धरते-सोडते. घसरायला लागली की स्वतःच सावरते, तेही धड सांगत नाही, नुसता एक पिवळा दिवा लुकलुकतो.

"बंद करता येतं का हे?" त्यानं मला विचारलं. मी एवढी शिकलेली, मला माहीत असणार.

"काही गोष्टी येतात. सगळ्या नाही."

"मग मी चालवून राहिलो का ही?"

मी म्हटलं, दादा, रस्ता बघ. पुढं खडीनं भरलेला डंपर चालला होता, रस्त्याचं काम अर्धवट होतं आणि धूळ इतकी होती की ओलांडायची सोयच नव्हती. तो काच वर करून बराच वेळ त्या डंपरच्या मागंमागं गेला. दर थोड्या वेळानं मला म्हणायचा, कंपनीला लिही, तुझं इंग्रजी चांगलंय, हे असलं काढून टाका म्हणावं. मी म्हटलं, त्यांना ते चालायचं नाही. तो म्हणाला, तू लिहून तर बघ.